लॅपटॉप टिकटिक करायला लागला तर

मागच्या महिन्यात एका ग्रामसंघाच्या बैठकीला गेले होते. बैठक संपली, चहा आला आणि लिपिका ताई हळूच म्हणाल्या, "मॅडम, लॅपटॉप लई हळू चालायलाय. अन् आतून टिकटिक आवाज येतोय. काही होणार नाही ना?" मी कप खाली ठेवला आणि विचारलं, "ताई, ह्यातला हिशेब आणखी कुठं आहे?" त्या माझ्याकडं बघतच राहिल्या. म्हणजे आणखी कुठंच नव्हता.

आज त्या टिकटिकीबद्दल बोलायचंय. विषय मशीनचा वाटेल, पण आहे आपल्या पैशाचा. मला हे कळलं ते नुकसान करून घेतल्यावर.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडच्या लॅपटॉपचं असंच झालं. चालू व्हायला दहा-दहा मिनिटं लागायची. मी तो पिशवीत घातला आणि शहरातल्या एका दुकानात नेऊन दिला. त्यांनी विचारलं, "फॉरमॅट मारून देऊ का?" मला वाटलं, साफसफाई करतात तसलं काहीतरी असेल. "मारा," म्हणाले. संध्याकाळी लॅपटॉप मिळाला तो अगदी कोरा. चौदा गटांचा कर्जाचा हिशेब, ठरावांचे फोटो, बँकेला दिलेली पत्रं, सगळं गेलं. दुकानदाराची चूक किती आणि माझी किती, हे मी अजून ठरवलेलं नाही. त्यांनी विचारलं होतं, आणि मी अर्थ न समजता हो म्हणाले होते.

मग आम्ही गटांच्या वह्या, बँकेची पासबुकं आणि बायांकडची छोटी पासबुकं गोळा करून तीन आठवडे बसलो. बरंचसं जुळलं. एका बाईचे तीन हप्ते मात्र कुठंच दिसेनात. तिचं पासबुक पावसात भिजून लगदा झालेलं. बँकेच्या भरणा पावत्यांवरून दोन हप्ते सापडले, तिसरा सापडला नाही. तिनं तो पुन्हा भरला. भांडली नाही. पण त्या दिवसापासून ती पैसे देताना दरवेळी वहीच्या पानाचा मोबाइलवर फोटो काढते आणि मी समोर असले तरी काढते.

तर आधी आत काय असतं ते बघू. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असते. पूर्वीच्या ग्रामोफोनच्या तबकडीसारखी चकचकीत तबकडी एका बंद डबीत फिरते. लॅपटॉपमधली बहुतेक वेळा मिनिटाला ५,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेते. वर एक बारीक दांडी असते, तिच्या टोकाला लिहिणारं-वाचणारं डोकं. ग्रामोफोनची सुई तबकडीला टेकते, हे डोकं मात्र टेकत नाही. हवेच्या पातळ थरावर ते तरंगत असतं, आणि मधलं अंतर आपल्या केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याहूनही कमी. आता विचार करा, चालू लॅपटॉप झाकून तसाच स्कूटीच्या डिकीत टाकला आणि खड्ड्यातून गाडी गेली तर काय होत असेल. तबकडीवर ओरखडा पडतो आणि तिथं लिहिलेलं मिटतं.

आणखी एक कारण आपल्या गावांचं खास. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असते, तो वायर लावूनच चालतो, आणि लिहिता लिहिता लाइट जाते. डिस्कचं काम अर्धवट तुटतं. असं रोज झालं तर आधी फायली खराब होतात, मग डिस्कही. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत, गादीवर ठेवून लॅपटॉप चालवणं हेही तसलंच. खालची हवेची भोकं बुजतात आणि डिस्क तापते.

पहिली हार्ड डिस्क आयबीएम कंपनीनं १९५६ साली बाजारात आणली. कपाटाएवढ्या मशीनमध्ये दोन-दोन फूट रुंदीच्या ५० तबकड्या, आणि मावायची जेमतेम ५० लाख अक्षरं. आज मोबाइलवर काढलेला एक चांगला फोटो तेवढी जागा घेतो. आता हातावर मावणाऱ्या डबीत पूर्ण तालुक्याच्या गटांचा हिशेब बसतो. म्हणून ती गेली की एका दमात सगळं जातं.

डिस्क बिघडायला लागली हे ओळखायचं कसं? नुसता लॅपटॉप हळू चालतो एवढ्यावरून काही ठरत नाही. म्हातारा लॅपटॉप हळूच चालतो. पण एखादी ठराविक फाइल उघडताना तो अडकून बसतो, काल असलेलं फोल्डर आज दिसत नाही, फाइल उघडते पण आत भलतीच अक्षरं असतात, निळा पडदा येऊन मशीन आपोआप बंद पडतं, सुरू करताना काळ्या पडद्यावर डिस्क सापडत नाही असा संदेश येतो, ही लक्षणं डिस्कची. आणि टिकटिक किंवा खरखर असा ठोक्याठोक्यानं येणारा आवाज आला तर समजायचं की डोक्याला जागा सापडत नाही आणि ते पुन्हा पुन्हा धडका मारतंय. पंख्याचा घोंघों आवाज वेगळा. तो धुळीनं होतो, त्याला घाबरू नका.

क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा एक फुकट प्रोग्रॅम आहे. तो डिस्कची तब्येत रंगानं दाखवतो. निळा ठीक, पिवळा धोका, लाल म्हणजे गेलीच. गूगल कंपनीनं २००७ साली आपल्याकडच्या एक लाखाहून जास्त हार्ड डिस्कचा अभ्यास छापला होता. तपासणीत वाचनाची पहिली चूक सापडली की ती डिस्क पुढच्या ६० दिवसांत बंद पडण्याची शक्यता, चूक नसलेल्या डिस्कपेक्षा ३९ पट निघाली. पण बंद पडलेल्या डिस्कपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी महत्त्वाच्या खुणांपैकी एकही आधी दाखवली नव्हती. म्हणून पिवळा रंग दिसला तर त्याच दिवशी हलायचं, आणि निळा दिसला म्हणून निर्धास्त राहायचं नाही.

आता मुख्य गोष्ट. लक्षण दिसलं की आपला हात आधी दुरुस्तीकडं जातो. कुणीतरी सांगतं डिफ्रॅग करा, कुणी म्हणतं डिस्क चेक लावा, कुणी अँटीव्हायरस पूर्ण फिरवायला सांगतं. ह्यातलं काहीही करायचं नाही. ह्या सगळ्या कामांत ते आजारी डोकं पूर्ण तबकडीभर तासन् तास फिरतं. दम लागलेल्या माणसाला गड चढायला लावण्यासारखं आहे ते. डिस्कमध्ये जेवढा जीव शिल्लक आहे तेवढा आपल्या फायली बाहेर काढायला वापरायचा. दुरुस्तीचं नंतर बघू.

लॅपटॉप टेबलावर सपाट ठेवा, चालू असताना हलवू नका. पेन ड्राइव्ह किंवा बाहेरची डिस्क लावा. आणि सगळं एकदम उचलू नका. जे दुसरीकडून पुन्हा मिळणार नाही ते आधी. माझा क्रम असा आहे: कर्जाचा आणि बचतीचा हिशेब, ठराव आणि सभांची इतिवृत्तं, बँकेचा पत्रव्यवहार, उद्योगाची बिलं, आणि मग फोटो. हिशेबाच्या फायली छोट्या असतात, पाच मिनिटांत निघतात. गाणी, सिनेमे, प्रोग्रॅम ह्यांच्याकडं बघायचंसुद्धा नाही. एखादी फाइल अडकली तर ती सोडून पुढं जा, शेवटी तिच्याकडं या. टॅलीवर हिशेब असेल तर त्याचं डेटा फोल्डर विसरू नका, ते 'माय डॉक्युमेंट्स'मध्ये नसतं.

आणि बायांनो, मराठीचा एक घोटाळा. आपल्या जुन्या फायली बऱ्याचदा श्रीलिपी नाहीतर कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या असतात. फाइल वाचली पण तो फॉन्ट नव्या डिस्कवर नसला, की ठरावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. आमच्या एका लिपिकेला वाटलं फाइल खराब झाली, आणि ती पुसणार होती. म्हणून फॉन्टच्या फायलीही सोबत घ्या. इथून पुढं मात्र युनिकोडमध्येच टाइप करा, म्हणजे कुठल्याही मशीनवर आणि मोबाइलवर उघडेल.

लॅपटॉप चालूच होत नसेल तर? तरी लगेच हात टेकू नका. बऱ्याचदा डिस्कचा विंडोज असलेला भागच खराब होतो, आपल्या फायली शाबूत असतात. डिस्क बाहेर काढून 'केसिंग' नावाच्या डबीत घालायची, तिला यूएसबीची वायर असते, आणि दुसऱ्या चांगल्या लॅपटॉपला जोडायची. केसिंग स्वस्त असतं. जोडल्यावर कधी कधी पडद्यावर विचारतात, ही डिस्क फॉरमॅट करायची का? तिथं 'कॅन्सल' दाबायचं. मी ज्या शब्दाला हो म्हणून फसले तो हाच. अलीकडच्या काही लॅपटॉपमध्ये डिस्कला कुलूप असतं, त्याला बिटलॉकर म्हणतात. ते ४८ अंकी आकडा मागतं. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॅपटॉप सुरू केला असेल त्या खात्यात तो बहुधा सापडतो. लॅपटॉप धड आहे तोवरच तो शोधून वहीत लिहून ठेवलेला बरा.

बाहेर काढूनही डिस्क दिसत नाही आणि नुसती टिकटिक करते, तेव्हा वीज बंद करून थांबायचं. डबीचं झाकण उघडायचं नाही. एक धुळीचा कण त्या डोक्यापुढं धोंड्याएवढा असतो. फ्रिजमध्ये ठेवा, टेबलावर आपटा, असले सल्लेही ऐकू नका. थंड डिस्कवर दव धरतं आणि उरलंसुरलं जातं. ह्याच्या पुढचं काम पुण्या-मुंबईकडच्या डेटा रिकव्हरीवाल्यांचं, ते धूळ नसलेल्या खोलीत डबी उघडतात. खर्च हजारांत जातो, कधी नव्या लॅपटॉपएवढा होतो, आणि खात्री कुणी देत नाही. आधी लेखी अंदाज मागा आणि बैठकीत ठरवा.

ठरवताना एक बघा, काय काय दुसरीकडं आहेच. नाबार्डनं गटांच्या नोंदी संगणकावर आणायचा ई-शक्ती प्रकल्प २०१५ च्या मार्चमध्ये सुरू केला, तेव्हा पहिल्या दोन जिल्ह्यांत आपल्या महाराष्ट्रातला धुळे होता, दुसरा झारखंडचा रामगढ. आता उमेदच्या गटांचे व्यवहार लोकओएस ॲपवर भरले जातात. तिथं भरलेली नोंद आपल्या लॅपटॉपवर अवलंबून नाही. लॅपटॉप विहिरीत पडला तरी ती राहते. जातं ते आपण स्वतः एक्सेलमध्ये मांडलेलं, स्कॅन केलेलं, फोटो काढलेलं.

फायली बाहेर आल्या की मग दुकानात जा. नवीन घेताना आता दोन जाती मिळतात. एक आपली फिरणारी हार्ड डिस्क. दुसरी एसएसडी. तिच्यात काहीच फिरत नाही, मोबाइलच्या मेमरी कार्डासारख्या चिपा असतात. लॅपटॉपच्या आत घालायला एसएसडीच घ्या, ह्यात मला शंका नाही. फिरणारी डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साधी एसएसडी ५०० पर्यंत जाते. जो लॅपटॉप चालू व्हायला पाच मिनिटं घ्यायचा तो अर्ध्या मिनिटात तयार होतो. एसटीच्या धक्क्यांची भीती नाही, बॅटरीही कमी लागते.

पण कुठली एसएसडी बसते, हे लॅपटॉपवर ठरतं. जुन्यांत अडीच इंची साटा डिस्क असते, पत्त्यांच्या कॅटपेक्षा थोडी मोठी. त्याजागी अडीच इंची साटा एसएसडी सरळ बसते. नव्या पातळ लॅपटॉपमध्ये एम डॉट टू नावाची च्युइंगमच्या पट्टीसारखी एसएसडी लागते, आणि तिच्यातही साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार. दिसायला सारख्या, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. काही अगदी स्वस्त लॅपटॉपमध्ये ही चिप बोर्डालाच चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही. म्हणून जुनी डिस्क हातात घेऊन जा, किंवा लॅपटॉपच्या पोटावरच्या मॉडेल नंबरचा फोटो काढून न्या. दुकानदार म्हणेल, "ताई, ही एनव्हीएमई घ्या, लई फास्ट." तुमच्या लॅपटॉपला ती बसत असेल आणि भावात फरक नसेल तर घ्या. पण जास्तीचे पैसे देऊ नका. एक्सेलच्या हिशेबात तो वेग डोळ्याला दिसतही नाही.

किती जीबीची? नुसते हिशेब आणि कागदपत्रं असतील तर २४० किंवा २५६ पुरते. मेळाव्यांचे फोटो-व्हिडिओ साठवत असाल तर ४८० किंवा ५१२. घरी आणल्यावर २४० च्या जागी २२३ दिसले म्हणून दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजारात मोजते, विंडोज १,०२४ मध्ये मोजतं, एवढाच फरक.

एसएसडीवर लिहून लिहून ती झिजते, असं कुणीतरी सांगेल. खरं आहे. खोक्यावर किंवा कंपनीच्या माहितीत टीबीडब्ल्यू नावाचा आकडा असतो. समजा तो ८० आहे, म्हणजे ८० टेराबाइट लिहिता येतं. आपण रोज १० जीबी लिहिलं, आणि एवढं आपण कधीच लिहीत नाही, तरी ८,००० दिवस लागतील. जवळपास बावीस वर्षं. तोवर लॅपटॉप कुठं आणि आपण कुठं! तिचा खरा दोष वेगळाच आहे. ती जाते तेव्हा टिकटिक करत नाही. आज चालू, उद्या मुकी. आणि तिच्यातलं पुन्हा काढणं जास्त अवघड.

खरेदी ग्रामसंघाच्या पैशातून असेल तर कोटेशनं घ्या, ठराव घ्या. बिल जीएसटीचं, ग्रामसंघाच्या नावाचं, आणि त्यावर डिस्कचा सिरियल नंबर. वॉरंटी बऱ्याच कंपन्या तीन वर्षं देतात, तीही बिलावर लिहून घ्या. वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतला हिशेब मिळत नाही. आणि ऑनलाइन पाच-सहाशे रुपयांत दोन टीबीचा पेन ड्राइव्ह दिसला तर पुढं सरका. तो खोटा असतो. दोन टीबी दाखवतो आणि थोडंसं भरलं की पुढचं गिळून टाकतो.

लॅपटॉपच खूप जुना असेल, बिजागरी तुटलेली, पडद्यावर रेघा, तर त्याच्यात पैसे घालू नका. विंडोज १० चा कंपनीकडून मिळणारा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बरेच जुने लॅपटॉप विंडोज ११ घेत नाहीत. बाकी अंग धड असेल तर एसएसडी टाकून, जमलं तर रॅम चारची आठ जीबी करून, तो आणखी काही वर्षं निघतो. विंडोज नव्यानं टाकायला सांगा, आजारी डिस्कची जशीच्या तशी नक्कल करायला नको. आधीचं विंडोज अस्सल असेल तर इंटरनेट जोडल्यावर ते बहुधा स्वतःच ओळखलं जातं, पुन्हा पैसे मागितले तर कशाचे ते विचारा. आणि दुकानात लॅपटॉप टाकून बाजाराला जाऊ नका. समोर बसा. चार-सहा स्क्रूचं काम आहे, नीट बघितलं तर पुढच्या वेळी तुम्हीच कराल.

नवी डिस्क आली की महिन्याच्या बैठकीच्या दिवशीच नक्कल काढायची, वेगळा दिवस ठेवला की राहून जातो. आम्ही एक प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवतो. इथं जुनी फिरणारी जात चालते, ती स्वस्त पडते, आणि एसएसडी वर्षानुवर्षं विजेविना पडून राहिली तर तिच्यातलं पुसट होऊ शकतं. दुसरी प्रत गूगलच्या खात्यावर, तिथं १५ जीबी फुकट मिळतं. त्या खात्याचा पासवर्ड एकटीजवळ ठेवू नका, अध्यक्ष आणि सचिव दोघींकडं बंद पाकिटात असू द्या. बाहेरची डिस्क लॅपटॉपच्याच कपाटात ठेवायची नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्या उमरगा-लोहाऱ्याकडच्या बायांना सांगायला नको. माणसं गेली, आणि जे वाचले त्यांची ट्रंकेतली कागदं त्याच ढिगाऱ्यात राहिली. आमची डिस्क कोषाध्यक्ष अक्कांच्या घरी, दुसऱ्या गल्लीत असते. धान्याच्या कोठीवर, फडक्यात गुंडाळून. आणि कागदी वह्या आम्ही बंद केलेल्या नाहीत.

राहिली जुनी डिस्क. ती दुकानात सोडून येऊ नका, भंगारवाल्यालाही देऊ नका. तिच्यात आपल्या बायांचे आधार कार्ड आहेत, खाते नंबर आहेत, कुणाचे हप्ते थकले तेही आहे. बिघडलेल्या डिस्कमधूनसुद्धा जाणकार माणूस वाचू शकतो. नव्या डिस्कवर सगळं उघडून तपासेपर्यंत, निदान दोन-तीन बैठका होईपर्यंत, जुनी जपून ठेवा. मग ड्रिल मशीननं आरपार दोन-तीन भोकं पाडून घ्या. लॅपटॉपच्या डिस्कची तबकडी कधी कधी काचेची असते, उडते, म्हणून आधी जाड कापडात गुंडाळा आणि डोळे सांभाळा. उरलेलं ई-कचरा घेणाऱ्यांकडं द्या.

त्या लिपिका ताईंचं काय झालं, ते राहिलंच. आम्ही त्याच दिवशी, चहाचे कप बाजूला सारून, हिशेबाच्या फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या. फोटो घेताना अर्ध्यावर लॅपटॉप बंद पडला आणि पुन्हा उठला नाही. मागच्या मेळाव्याचे फोटो गेले. कर्जाचं खातं मात्र पूर्ण आलं, एकूण एक हप्त्यासकट.